खिडकीबरोबर आलेले आबा

मी सातवी-आठवीला विज्ञान शिकवते, त्यामुळे भुताखेतांच्या, चमत्कारांच्या गप्पांत मी कधी बसलेच नाही. 'झाडं पळतात हा भास, पळतो आपण' — हे दरवर्षी फळ्यावर लिहिते. जवळचं झपाट्यानं मागे जातं, लांबचा डोंगर सोबत येतोय असं वाटतं. एवढं साधं आहे ते.

शाळा जाफराबादला, घर जालन्याला. बारा वर्षं एसटीनं अप-डाऊन... कंबरेचं विचारूच नका. वाटेत माझं माहेर लागतं. आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, शेत रस्त्याला लागूनच. पूर्वी माझ्या गाडीच्या वेळेला ते बांधावर येऊन हात करायचे. मांडीचं हाड मोडलं तेव्हापासून खाटेवरच. "उतर की एखांद्या दिवशी," फोनवर म्हणायचे. मी म्हणायचे, शनिवारी येते. असे किती शनिवार गेले, सांगायला लाज वाटते.

त्या दिवशी पाचच्या गाडीत रुमाल टाकून खिडकी धरली होती. लख्ख ऊन होतं. आमचं शेत आलं आणि बांधावर आबा दिसले — पांढरा शर्ट, डोक्याला गमछा. बाभळी मागे गेल्या, विजेचे खांब मागे गेले... आबा जाईनात! दहा-बारा हातांवर, खिडकीच्या बरोबरीनं, तसेच. गावच्या थांब्यावर गाडी थांबली, तेही थांबले. उतरावंसं वाटलं. पण उठले असते तर जागा गेली असती, पुढे जालन्यापर्यंत उभं राहावं लागलं असतं. खरं सांगते, मी हाच विचार केला. गाडी निघाली तेव्हा मात्र ते झाडांसारखेच मागे पडले.

घरी येऊन भावाला फोन लावला. "आबा? खाटेवरच हायेत की. दिवसभर उठले न्हाईत," म्हणाला आणि फोन त्यांच्याकडे दिला.

"लई दमलो माय आज," आबा म्हणाले. "तुह्या गाडीसंगं चाललो ना."

"आबा, मी उतरले नाही..."

"खिडकी मिळाल्ती ना तुला? मंग कशाला उतरायचं? उभ्यानं पाय दुखतेत."

फोन ठेवून मी खूप रडले.

थकलेल्या डोळ्यांना भास होतो, मान्य. पण खिडकीचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं. उत्तर अजून सापडलेलं नाही, आणि शोधायची ताकदही राहिलेली नाही. हल्ली मी रोज उतरते. आबांच्या खाटेपाशी अर्धा तास बसते, चहा घेते आणि पुढच्या गाडीनं जालन्याला जाते. त्या गाडीला कधीच जागा नसते.