दोन नऊ

आमच्या संस्थेच्या छपाई विभागात अक्षरजुळणी करणाऱ्या बाईंना सगळे नंबरताई म्हणत. तोंडावर नव्हे, तेवढी छाती कुणाची नव्हती. चुकलेला अनुक्रमांक दिसला की त्यांचं डोकं उठायचं. दिराने दिलेली सामानाची यादीसुद्धा त्या आधी दुरुस्त करत, मग बाजारात जात.

आणि संस्थेच्या नियमपुस्तिकेत नियम नऊ दोन होते! पहिला विभागप्रमुखांचा, दुसरा अक्षरजुळणी करणाऱ्यांचा. नियम तीस म्हणे, नियम नऊमधल्यांना वयाच्या अठ्ठावन्नानंतर मुदतवाढ मिळेल. एका भल्या कारकुनाने दुसरा नऊ धरला आणि ताई दोन वर्षं टिकल्या. पुस्तिका बाहेरून छापलेली, ती वाचतो कोण? आपल्या कामाची कदर झाली, असा ताईंचा समज.

यंदा नवी आवृत्ती, त्या जुन्या फाईलसकट, ताईंकडेच आली. मधला तक्ता संपला की पुढच्या नियमांचे आकडे मागे जात. मी मुद्रितशोधक, शेजारच्याच टेबलावर. म्हटलं, "हाताने आकडे टाका आणि मोकळ्या व्हा."

"आणि उद्या मधेच एक नियम घुसला की?"

त्यांनी फाईलची प्रत काढली आणि एकेक भाग उडवत गेल्या. शेवटी दोन छोट्या याद्या उरल्या, तरी दुखणं तसंच. मग सापडलं. याद्या मांडणारी दोन पॅकेजं, म्हणजे तयार आज्ञांचे संच, एकाच फाईलमध्ये, एका स्वयंपाकघरात दोन सासवा असाव्यात तशी. एक काढलं आणि आकडे सुतासारखे सरळ आले.

अक्षरजुळणी करणारे चौदावर गेले. मुदतवाढीचा नियम मात्र विभागप्रमुखांच्या नऊकडेच बोट दाखवत राहिला. ताईंनी ते पान दोनदा वाचलं.

"ते पॅकेज परत टाका," मी म्हणालो. "कुणाला कळतंय?" घरी बसायचं म्हणजे दिवसभर जाऊबाईंचं ऐकायचं, याची त्यांना किती धास्ती होती ते मला ठाऊक होतं.

"चौदाला नऊ म्हणू? माझ्याच्याने नाही होणार."

महिन्याने त्यांचं निवृत्तीचं पत्र आलं. खालच्या अटींना आकडे एक, दोन, पुन्हा एक, दोन. ताईंनी लाल खूण करून परत पाठवलं. तर साहेब स्वतः आले. "ताई, तुम्हीच जरा दुरुस्त करून देता? दुसऱ्या कुणाला जमत नाही."

माझं पित्त खवळलं. ताईंनी चष्मा लावला आणि पाच मिनिटांत काम उरकलं.

रीतीप्रमाणे पत्र तपासायला माझ्याकडे आलं. मी ते तीनदा वाचलं. एकही चूक सापडली नाही.