जांभळीखालचे आबा

हिवाळ्यात सकाळी सातला माझा मोबाईल वाजतो आणि माझी बायको इंदिरा पांघरुणातूनच म्हणते, "आली बातमी. पळा आता."

बातमी म्हणजे सोपानभाऊंनी धरणाच्या काठावरून ग्रुपवर पाठवलेला आवाज. मागे टिटवी, मध्ये एक खोकला आणि मग ठणठणीत सूर: "राम राम मंडळी. पानी आज लय गार. धुकं उटल्याबिगर कुनी येऊ नका. मासा तळाला बसलाय, दहाच्या पुढं उनाला वर यील. जागा तीच, जांभळीखाली. आमिष बारकं लावा, थंडीत त्यो त्वांड उघडत न्हाई. बातमी संपली."

तळेगावपासून लोणावळ्यापर्यंत आम्ही दोनशेवर गळवाले या बातमीवर जगतो. माझ्याकडे हवामानाची तीन ॲप आहेत. तिन्ही मिळून त्या एका खोकल्याइतकी खात्रीची नाहीत.

सोपानभाऊ चौसष्ट वर्षांचे. नवलाख उंबरे गावच्या एका कारखान्यात बावीस वर्षं पाळ्या केल्या, उरलेल्या वेळात भात पिकवला आणि त्यातूनही उरलेल्या वेळात धरणावर गळ टाकला. अकरा वर्षांपूर्वी वडील वारले तेव्हा त्यांनी तुळशीची माळ घातली. मासे मारणं बंद, खाणं बंद, खोटं बोलणं बंद. शेवटचं सगळ्यांत जड गेलं असं तेच सांगतात. मासे धरणाऱ्याला ती सवय असतेच. पण पाणी काही सुटेना. मग रोज काठावर जायचं, पाणी बघायचं आणि बातमी द्यायची.

"बातमीत कसलं पाप आलंय, सर? पाऊस येनार म्हनून सांगनारा काय ढगात बसलेला असतो व्हय?"

मी लोणावळ्याला गणित शिकवतो. सहा हिवाळ्यांत मी किती मासे धरले हे वर्गात उदाहरण म्हणूनही सांगत नाही. पण ती जांभळीखालची जागा! डिसेंबरच्या गारठ्यात, जेव्हा बाकी धरण पाषाणासारखं गप्प असतं, तेव्हाही तिथे मासा असतोच. कसा असतो, हे कोडं मला झोपू देईना. म्हणून एका गुरुवारी मी शाळेला दांडी मारली आणि सगळ्यांच्या आधी, साडेनऊलाच जांभळीखाली पोचलो.

बातमी देऊन सोपानभाऊ घरी जातात असा आमचा समज होता. ते गेलेच नव्हते. पाण्यात पाय सोडून खडकावर बसले होते आणि काठी खडकावर टकटक आपटत होते. बंडीच्या खिशातून भाकरी काढून तुकडे पाण्यात टाकत होते. पाणी नुसतं उकळत होतं माशांनी! त्या गर्दीतून शाळेच्या दप्तराएवढं एक डोकं वर आलं, तोंड आभाळाकडे करून वासलं आणि तुकडा गट्टम केला. असला कटला मी जन्मात पाहिला नव्हता.

"हे आबा," भाऊंनी ओळख करून दिली. "आमचं वडील गेलं त्याच हिवाळ्यात पयल्यांदा दिसले. वडील बी असंच त्वांड वासून भाकरीची वाट बगायचे. नमस्कार करा."

मी केला. गणिताचा शिक्षक असून केला.

तिथे गप्प बसलो असतो तर काय बिघडलं असतं? पण नाही, कोडं सुटलं की उत्तर मोठ्यानं सांगायची खोड. "भाऊ, म्हणजे मासा जांभळीखाली असतो, कारण तुम्ही त्याला रोज जेवायला घालता. आणि तो तिथे आहे असं दोनशे जणांना सांगताही तुम्हीच!"

काठीची टकटक थांबली. भाऊंनी हातातल्या तुकड्याकडे बघितलं, माळेला हात लावला. "म्हंजी अकरा वरीस ह्येंना मीच पाटावर बसवून मारतोय?"

मला माझीच जीभ चावावीशी वाटली. त्यात त्या रविवारी स्पर्धा होती. पुण्याचा अतुल नावाचा एक उत्साही गडी, अंगातल्या जाकिटाला चौदा खिसे, सत्तर गळवाले घेऊन येणार होता. अकराला सुरुवात, दुपारी वजन आणि सगळ्यांत मोठा मासा तिथेच तळून जेवण. सगळ्यांत मोठा कोण, हे आम्हा दोघांनाच ठाऊक होतं.

"मासा पल्याड गेलाय म्हणून सांगून टाका," मी सुचवलं.

"खोटं?" भाऊ माझ्यावर असे खेकसले की मी दोन पावलं मागे सरलो.

बातमीच न देऊन भागणार नव्हतं, जांभळीखालची जागा पोरंटोरंही ओळखत होती. भाऊंनी हातातला तुकडा जरा लांब टाकला, आबा त्यामागे सरकले. मग हळूहळू भाऊंचे डोळे लकाकले. धरणाच्या भिंतीजवळ एक पाटी आहे. तिच्या आत गळ टाकायला बंदी. जांभळीपासून पाटीपर्यंत चारशे पावलं. "बातमी खरीच द्यायची, सर. मासा हलवायचा!"

हे भाऊंच्या घरी सांगणं मात्र भाग होतं, कारण भाकरी त्यांच्या बायकोच्या, कस्तुराबाईंच्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि कमरेवर हात ठेवले. "अकरा वरीस मी म्हनतीया, ह्यो मानूस पाच भाकरी न्हेतो, पर अंगाला लागत न्हाई! जंताचं औशीद पाजलं मी तुमास्नी!"

"ते बी प्यालो की," भाऊ म्हणाले.

"आन ह्यो मासा म्हनं मामंजी? जित्तेपनी त्यांनी माझ्या भाकरीला एक दिस चांगलं म्हनलं न्हाई. रोज आपलं, जाड झाली सूनबाई, जाड झाली!" त्या तरातरा चुलीकडे गेल्या. पण त्या वर्षी भोगी रविवारीच आली होती. पहाटे उठून त्यांनी बाजरीच्या पस्तीस भाकरी थापल्या, वर तीळ लावून.

रविवारी धुकं उठेना. साडेनऊ झाले, दहा झाले, खडकावर टकटक करून भाऊंचा हात दुखला, तरी पाणी गप्प. एवढ्या गारठ्यात मासा तळ सोडत नाही, हे रोज सांगणाऱ्यालाच त्या दिवशी ते कबूल नव्हतं. शेवटी सव्वादहाला ऊन पडलं. तिळाच्या भाकरीचा वास पाण्यावर पसरला आणि एक बुडबुडा आला. मग दुसरा. मग ते दप्तर!

निघाली मिरवणूक! भाऊ पुढे, काठी आपटत, तुकडे टाकत. मी मागे फडक्यातल्या भाकरी घेऊन, पावलं मोजत. आणि पाण्यातून आबा, मागे त्यांचं सगळं गणगोत. शंभर. दोनशे. मला इतकं हसू येत होतं की आकडे चुकायला लागले. तीनशे दहाव्या पावलाला आबा थांबले. वळले. तोंड पुन्हा जांभळीकडे! भाकरी उरल्या दोन, आणि पलीकडे गाड्यांची दारं धडाधड लागत होती.

भाऊ धोतरासकट पाण्यात उतरले. गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत. दात वाजत होते. भाकरी पुढे धरून म्हणाले, "आबा, तुमचा जीव गेला त्या टायमाला मी पाळीवर हुतो, तुमच्यापाशी नव्हतो. आता हाय. चला."

मला एकदम हसायचं सुचेना. आबा जरा वेळ तसेच थांबले. मग शेपूट हललं आणि ते भाऊंच्या हातामागे निघाले, पाटीच्या आत.

अकराला पाच मिनिटं असताना, ओल्या धोतरात कुडकुडत, भाऊंनी बातमी दिली: "राम राम मंडळी. उशीर झाला, माफी. जांभळीखाली आज काय बी न्हाई. सगळा मासा भिंतीपाशी, पाटीच्या आत. तितं गळ टाकायला बंदी हाय. बातमी संपली." शब्दन् शब्द खरा!

पण स्पर्धेची जागा आधीच ठरलेली, म्हणून सत्तर जण दुपारपर्यंत जांभळीखालीच बसले. एकटा अतुल तळहाताएवढी चिलापी काढू शकला. पहिला नंबर त्याचा आला, फोटो निघाले, आणि एवढीशी चिलापी सत्तर जणांत वाटायची कशी म्हणून त्यानं ती सोडून दिली. मी नेहमीप्रमाणे शेवटचा, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याचा आनंद झालेला.

गाड्या गेल्यावर कस्तुराबाई भिंतीपाशी आल्या. सकाळच्यातली राखून ठेवलेली एक भाकरी पदराखाली होती. "कुटंय ह्यो तुमचा?" म्हणून त्या गुरगुरल्या. भाऊंनी काठी आपटली. आबा वर आले, तोंड वासलं.

कस्तुराबाईंनी बघितलं. हात आपोआप वर गेला आणि पदर कपाळापर्यंत ओढला गेला. त्यांनी तुकडा मोडून पाण्यात सोडला, दुसरा सोडला, अख्खी भाकरी संपेपर्यंत सोडत राहिल्या. आबा सगळी भाकरी खाऊन सावकाश खाली गेले.

पदर तसाच ठेवून त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आज पयल्यांदाच काय बोलले न्हाईत."