बांधावरचा मान

संकेतचा फोन आला तेव्हा मी गच्चीत बूट वाळत घालत होतो. आदल्या दिवशी रविवार होता. गोवर्धन गावाच्या पुढे नदीकाठच्या शेतांमधून अप्पासाहेब आणि मी चालून आलो होतो आणि पाटाच्या पाण्यात माझा उजवा पाय नेहमीप्रमाणे गेला होता. संकेत म्हणजे माझा एके काळचा जावई. माझी मृण्मयी आणि तो वेगळे झाल्यापासून त्याचा फोन कधी आला नव्हता. “बाबा...” म्हणाला आणि थांबला. मग म्हणाला, “पप्पा गेले. सकाळी चहा मागितला, आणि चहा होईपर्यंत...” हातातला बूट तसाच धरून मी बराच वेळ उन्हात उभा होतो.

संकेतचे वडील, म्हणजे अप्पासाहेब, माझे व्याही. होते, असं म्हणायला हवं, आणि ते ‘होते’ त्यांच्या जाण्याच्या आधीच सुरू झालं होतं. पण ते पुढे येईल. मुलांचं लग्न झालं त्याच सुमाराला आम्ही दोघेही निवृत्त झालो. मी सातपूरच्या कारखान्यातून, ते एका सहकारी बँकेतून. व्याह्यांनी एकमेकांना सणावाराला भेटावं, टोपी-उपरण्याची देवाणघेवाण करावी आणि पोटभर जेवून आपापल्या घरी जावं, अशी आपल्याकडची रीत. अप्पासाहेबांना ती पुरेना. एका दिवाळीत मला बाजूला घेऊन म्हणाले, रविवारी चालायला येता का? मी घाबरलो. नाशिकमध्ये चालायला जातो म्हटलं की लोक पहिल्यांदा कुठला किल्ला असं विचारतात. पण अप्पासाहेबांचं चढावर मत ठरलेलं होतं. डोंगर लांबून बघायचा असतो, चढायला लागलं की दिसतो कुठे, असं ते म्हणत. रस्ता जरा वर जायला लागला की ते निवांतपणे मागे फिरत. सपाट शेतं, नदीचा काठ, द्राक्षबागांच्या मधली गाडीवाट, एवढंच आमचं जग. कधी दारणा नदीच्या बाजूला, कधी वालदेवीच्या, पण बहुतेक वेळा गोवर्धनच्या पुढेच. माझ्या बायकोच्या भाषेत सांगायचं तर, दोन म्हातारे भाजी न आणता भाजीबाजार करून येत.

त्यांना सगळ्यात आवडायचं ते शेताला पाणी भरताना बघणं. एक वाफा भरला की फावड्याने त्याचं तोंड बंद करायचं आणि पुढच्याचं उघडायचं. लोक क्रिकेट बघतात तसं ते उभं राहून बघत. पाणी कोरड्या मातीत शिरून शेवटच्या रोपापर्यंत पोचलं की समाधानाने मान हलवत आणि मगच पुढे निघत. मला सुरुवातीला कंटाळा यायचा. नंतर माझीही मान हलायला लागली.

आमची खरी ओळख मात्र एका मेथीच्या वाफ्यात झाली. पहिल्याच रविवारी आम्ही एका अरुंद बांधाशी आलो. जेमतेम एक माणूस जाईल एवढाच. मी म्हटलं, तुम्ही पुढे व्हा, मान तुमचा. ते म्हणाले, छे, वयाने तुम्ही मोठे. लग्नात झालं नसेल इतकं आर्जव आम्ही त्या बांधावर केलं. शेवटी दोघांनी एकमेकांचं ऐकायचं एकाच क्षणी ठरवलं आणि दोघेही एकदमच पाऊल टाकून नुकत्याच भिजवलेल्या मेथीत घोट्यापर्यंत रुतलो. शेताची मालकीण हिराबाई विळा घेऊन आली. आधी माझ्या मेथीतून भाईर निघा, म्हणाली. आमचं भांडण ऐकल्यावर तिने निकाल देऊन टाकला. “पोराचा बाप कोन तुमच्यात? त्यानं पुढं व्हावं. पोरीचा बाप मागून. लग्नात नव्हते का असंच चालले?”

त्या दिवसापासून अप्पासाहेब पुढे आणि मी मागे. बांधाच्या मध्यावर एक बाभळीची फांदी आडवी आलेली आहे. पुढच्याने ती हाताने बाजूला धरायची, नाहीतर मागच्याच्या तोंडावर बसते. अप्पासाहेब ती धरून उभे राहत, मी वाकून पलीकडे जाई आणि म्हणे, “झालं, सोडा.” वर्षानुवर्षं आमचं हेच.

मग मुलांचं बिनसलं. कोणाचं चुकलं हे मला आजही नीट सांगता येणार नाही आणि सांगायची इच्छाही नाही. कोर्टात सही झाली त्या आठवड्यात मी बूट माळ्यावर ठेवून दिले. मुलीचा घटस्फोट तर जिवाला लागलाच होता. पण खरं सांगतो, त्यासोबत रविवारही जाणार याचं मला जे वाईट वाटत होतं, ते घरात कोणाला बोलून दाखवायची सोय नव्हती. व्याही नसलेल्या व्याह्याबरोबर कुठल्या नात्याने चालायचं? दोन-तीन रविवार तसेच गेले. मग एका सकाळी आमच्या गंगापूर रोडच्या सोसायटीच्या फाटकाशी अप्पासाहेब उभे. इस्त्रीचा शर्ट, हातात डबा. वर यायला तयार नाहीत. मी खाली गेलो तर म्हणाले, “मुलांचं मुलं बघतील. आपण चालायचं का नाही, एवढं सांगा.”

मी बूट घालून आलो. बांधाशी पोचलो तसा मी सवयीने थांबलो, तुम्ही पुढे व्हा म्हटलं. अप्पासाहेब बाजूला झाले. म्हणाले, “पोराचा बाप म्हणून मिळालेला मान होता. तो फिटला. आता वयाचा मान, तुम्ही व्हा पुढे.” मग त्या दिवशी पहिल्यांदा बाभळीची फांदी मी धरली. ते वाकून गेले आणि म्हणाले, “झालं, सोडा.” मला भरून आलं होतं, पण मी पुढे होतो हे बरं झालं.

हिराबाईने पुढे कधीतरी विचारलंच, लेक-जावई बरी हायेत ना? अप्पासाहेब म्हणाले, बरी आहेत, आपापल्या ठिकाणी. आणि तुम्ही, असं तिने विचारल्यावर हसून म्हणाले, आम्ही एकाच ठिकाणी. तिने दोघांच्या हातात मेथीची एकेक जुडी ठेवली.

अप्पासाहेब गेल्यावर त्यांच्या घरी गेलो त्या दिवशी मला कुठे बसावं कळेना. नातेवाइकांमध्ये माझी जागा उरली नव्हती. विहीणबाईंनीच मला आत बोलावलं. म्हणाल्या, शनिवारी रात्री स्वतःचा शर्ट स्वतः इस्त्री करायचे, बाकी आठवडाभर कसेही फिरायचे. एवढं बोलून त्या रडल्या, आणि मग मीही.

मागच्या रविवारी मी एकटाच गेलो. जमेल असं वाटत नव्हतं, पण जमलं, आणि छानही वाटलं. थंडी पडली आहे, द्राक्षाचे घड भरायला लागले आहेत. एका ठिकाणी वाफ्यात पाणी चाललं होतं, शेवटच्या रोपापर्यंत पोचेतो उभा राहिलो. हिराबाई मेथी काढत होती. मला एकट्याला बघून तिने विचारलं आणि मी सांगितलं. तिने विळा खाली ठेवला.

मग मी बांधावरून निघालो. फांदी आली, मी ती बाजूला धरली आणि सवयीने उभा राहिलो. मागून कोणी काही म्हणेना. किती वेळ तसा उभा होतो कोण जाणे. शेवटी शेतातून हिराबाईच म्हणाली, “झालं भाऊ, सोडा आता.” मी फांदी सोडली, पण हळू... मागच्या माणसाला लागू नये इतकी हळू.