उपरण्याखालची बोटं

आळेफाट्याच्या हकिमाने माझ्या धंद्यातल्या जोडीदाराला फसवलं. त्याला त्या हकिमासमोर नेऊन बसवणारा मी. एवढं आधीच लिहून टाकतो, म्हणजे गेलेल्या माणसाच्या आडून मी स्वतःला झाकतोय असं कुणी म्हणायला नको. दशरथला जाऊन सव्वा महिना झाला. बातमी आली तेव्हा मी बेल्ह्याच्या बाजारात एका खोंडाचे दात बघत होतो. त्याच्या बायकोचा फोन होता. "भाऊ, ह्यांचा श्वास थांबला," एवढंच वहिनी म्हणाल्या. खोंडाची वेसण माझ्या मुठीत तशीच राहिली... शेवटी मालकाने ती सोडवून घेतली.

दशरथ डिंभ्याचा, धरणाकडेच्या भातखाचरांत वाढलेला. मी बेल्ह्याचा, बापाने मागे काही न ठेवलेला. वीस वर्षं आम्ही मिळून गुरांचा व्यापार केला. मी गिऱ्हाइकाशी भांडायचो, तो जनावराशी बोलायचा. बैलाच्या कानाला हात लावून, नाकपुडीचा ओलावा बघून तो सांगायचा, हा तापट आहे, हा गरीब आहे, हा जुवाखाली बसणार. सहसा चुकायचा नाही. आमचा आकडा मात्र तोंडाने कधी ठरला नाही. बाजाराची जुनी रीत आहे, हातांवर उपरणं टाकायचं आणि त्याखाली बोटं दाबून भाव सांगायचा. त्याचं उपरणं पांढरं, बारीक लाल काठाचं. त्याखाली आमच्या दोघांत जेवढं बोलणं झालं, तेवढं घरच्यांशीही झालं नसेल.

चार वर्षांपूर्वी एक बैलजोडी विकताना मी चार बोटं दाबली आणि त्याने तीनवर सौदा पक्का केला. भर बाजारात मी त्याला नको ते बोललो. समोरच्याला विकला गेलास का, असंही विचारलं. तो नुसता आपल्या हाताकडे बघत राहिला. "राव, मला तीनच लागली," म्हणाला. मी ऐकलं नाही. तीन महिने आम्ही एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. मग कळलं की तो चुलीजवळचं गरम पातेलं धरून उभा होता आणि बोटं भाजेपर्यंत त्याला पत्ता नव्हता. त्याची बोटं सौद्याच्या दिवशीच बधिर झालेली होती... मी त्याला चोर ठरवून बसलो होतो.

त्या शरमेपोटी मी त्याचं आजारपण अंगावर घेतलं. पुण्याला मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं, एमआरआय केला. मल्टिपल स्क्लेरोसिस, बाई म्हणाल्या. शरीराचीच फौज उलटते आणि नसांवरचं आवरण कुरतडते, उंदराने वायरीवरचं प्लास्टिक कुरतडावं तसं. इंजेक्शनांनी आजार मुळापासून जात नाही, पण पुढची पडझड लांबवता येते. मी व्यापारी माणूस. गॅरंटी काय, असं विचारलं. गॅरंटी देत नाही, बाई शांतपणे म्हणाल्या. मला राग आला. त्या आणखीही काहीतरी सांगत होत्या, पण मी हुज्जतीत होतो.

दशरथने इंजेक्शनं सुरू केली. वर्षभर बरं चाललं, बाजारालाही यायचा. पण मुळापासून बरं न करणारं औषध मला डाचत होतं. आळेफाट्याला एका हॉटेलच्या माडीवर हकीम बसायचा, इराणी हकिमांची जुनी विद्या जाणतो म्हणायचा. त्याने नाडी धरली, जीभ बघितली. माणसाचा मिजाज, म्हणजे मूळ प्रकृती, चार गुणांचा असतो, म्हणाला, गरम, थंड, ओला, कोरडा, प्रत्येकाचा वेगळा. दशरथचा थंड आणि ओला, म्हणून नसा गारठल्या. कान-नाक बघून बैल ओळखणाऱ्या आम्हा दोघांना ते लगेच पटलं. वर तो म्हणाला, "चाळीस दिवसांत चालवून दाखवतो, लिहून घ्या." सगळ्याची गॅरंटी देणाऱ्याकडून मी जन्मात जनावर घेतलं नाही. त्या दिवशी मात्र घेतलं.

इंजेक्शनं बंद झाली. भात बंद, दही बंद. खाचरात जन्मलेला माणूस सुंठीचं पाणी आणि कोरडी भाकरी खाऊ लागला. गरम तेलाने मालिश, तापल्या वाळूचा शेक, दुपारी तासभर उन्हात बसायचं, तेही वैशाखात. उन्हात बसला की त्याच्या डोळ्यांपुढे धुकं यायचं, पाय लाकडासारखे व्हायचे. हकीम फोनवर म्हणाला, गारठा बाहेर पडतोय, शेक वाढवा. एकदा मी गेलो तर दशरथ धरणाच्या पाण्यात गुडघाभर पाय सोडून बसलेला. माझ्यादेखत उठला आणि काठी न घेता घरापर्यंत चालत आला. "राव, पाण्यात बसलं की लई बरं वाटतं. ऊन सोसत न्हाई मला," म्हणाला. मी त्याच्यावरच उखडलो. "तू हकीम झाला का आता?" म्हणत त्याला पुन्हा अंगणातल्या बाजेवर बसवला. उन्हात. माझ्या हातांनी.

पावसाळा सरेपर्यंत कमरेखालचं सगळं गेलं. पुन्हा पुण्याला नेलं, इंजेक्शनं पुन्हा सुरू केली, पण गेलेलं परत आलं नाही. पुढचं दीड वर्ष तो खाटेवर होता. पाठीला जखमा झाल्या, गिळता येईना, शेवटी छातीत कफ भरला. आजाराने जायचा तो गेलाच असता, असं लोक मला समजावतात. असेल. पण किती लवकर, हा आकडा मला कोण सांगणार?

शेवटच्या भेटीत मी त्याचं उपरणं आमच्या हातांवर टाकलं आणि दोन बोटं दाबली. किती, म्हणून विचारलं. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. "दोन," म्हणाला, आणि हसला. "बोटांचं काय कळत न्हाई रे. तुझं तोंडच बोलतंय."

दहाव्यानंतर वहिनींनी ते उपरणं माझ्या हातात दिलं. सोबत पुण्याची फाईलही दिली. बाईंच्या कागदावर शेवटची ओळ होती, उन्हापासून आणि उष्णतेपासून जपा. मी हुज्जत घालत होतो तेव्हा त्या बहुधा हेच सांगत होत्या.

मी आळेफाट्याला गेलो. माडीवर रोग्यांची रांग पूर्वीसारखीच होती, आणि प्रत्येकाला तोच शेक सांगितला जात होता. हकीम म्हणाला, "त्याच्या मिजाजाने औषध स्वीकारलं नाही." म्हणजे दोष मेलेल्याचाच. हकीमसाहेब, प्रत्येकाचा मिजाज वेगळा, हे तुमचंच वाक्य ना? मग त्या रांगेतल्या सगळ्यांना एकच शेक कसा? जुन्या विद्येला मी नावं ठेवत नाही. ज्यांनी ती घडवली ते माणसाकडे बघत असतील. तुम्ही नाडी एकदाच धरली, परत बघितलंच नाही. माझं जनावर पाला घालून बिघडलं तर मी दुसऱ्या दिवशी पाला बदलतो.

ते उपरणं माझ्या खांद्यावर असतं. माझा गुन्हा मी वहिनींपुढे कबूल केला आहे, त्या देतील ती शिक्षा मला मान्य आहे. आता तुमची पाळी, हकीमसाहेब. तोंडाने बोलायची लाज वाटत असेल तर या, बेल्ह्याच्या बाजारात मी असतो. या उपरण्याखाली हात घाला आणि बोटं दाबून सांगा... त्याला ऊन सोसत नाही, हे तुम्हाला कितव्या दिवशी कळलं होतं?