आमेन म्हणायचं राहिलं

घडीताईला हे नाव पडलं ते इस्पितळाच्या धुलाईघरात. गरम यंत्रातून चादर बाहेर आली की ती बघता बघता अशी घडी घाली, की कडेला कड जुळे. घरी सासू अंथरुणाला खिळल्यापासून तिचा दिवसही तसाच घडी घातलेला होता. सुरकुती पडायलासुद्धा जागा नव्हती.

प्रार्थना ती करायची, नाही असं नाही. पण डोळे मिटले की देवाऐवजी डागाळलेले उशांचे अभ्रे दिसत. आत काही उरलेलं नसताना चारचौघींसाठी मागायचं, म्हणजे रिकाम्या पातेल्यावर झाकण ठेवून मिरवणं. म्हणून चर्चमधल्या बहिणींच्या सभेत प्रार्थना चालवायचं काम सोडायचं तिने ठरवलं. आजची शेवटची, ती संपली की पाळकबाईंना सांगून मोकळं व्हायचं.

“आज आटपतं घे गं,” शेजारची शिंपीणबाई कुजबुजली. “मागच्या वेळी तू अख्ख्या जगासाठी मागितलंस, माझा चहा गार झाला.”

“आज जगाला सुट्टी,” घडीताई म्हणाली.

त्या सभेची रीत अशी, की प्रार्थना चालवणारी आमेन म्हणेपर्यंत कोणी डोळे उघडायचे नाहीत. घडीताईने मान खाली घातली, “हे प्रभू” म्हटलं, आणि पुढचं वाक्य शोधता शोधता तिला झोप लागली.

बायका थांबल्या. आधी वाटलं, ताई शब्द जुळवतेय. मग वाटलं, आज मौन ठेवायचं ठरलं असेल, आपल्यालाच कोणी सांगितलं नाही. विचारायचं तर डोळे उघडावे लागले असते.

घडीताई जागी झाली तेव्हा जमिनीवरचं ऊन भिंतीवर चढलं होतं. पण कोणी हललं नव्हतं. दोन मिनिटं गप्प बसणं जिच्या जिवावर येई, ती शिंपीणबाई ओंजळ उघडी ठेवून बसली होती, आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. पाळकबाईंच्या कपाळावरची कायमची आठी गेली होती. खोली अशी काही भरली होती, की श्वाससुद्धा विचारून घ्यावा. घडीताईच्या अंगावर काटा आला. आपण तर इथे नव्हतो. मग हे कोणी केलं?

तिने कसंबसं आमेन म्हटलं. चहाची आठवण कोणालाच झाली नाही.

“बाई, मला झोप लागली होती,” तिने पाळकबाईंना बाजूला घेऊन सांगितलं. “हे काम दुसऱ्या कोणाला द्या.”

“ठाऊक आहे. बारीक घोरत होतीस.”

“मग उठवलं का नाही?”

“उठवणारच होते. पण वादळात प्रभू येशूही नावेत झोपले होते. उठवणाऱ्या शिष्यांनाच बोलणी बसली. म्हटलं, आपण कशाला त्या भानगडीत पडा.”

काम सोडायचं बोलणं तिथेच राहिलं.

सगळ्या गेल्यावर घडीताई परत आत आली आणि खुर्चीत टेकली. घरी सासूच्या औषधाची वेळ झाली होती. लेक देईल, हे तिच्या मनात आज पहिल्यांदा आलं. तिने डोळे मिटले. काही मागितलं नाही. खोली अजून तशीच भरलेली होती.