व्याह्यांचा रॉबर्ट

माझ्या व्याह्यांनी मला फसवलं. हे एवढं वाक्य लिहायला मला दोन वर्षं लागली. कारण शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत मला फसवील असा माणूस अजून जन्मायचा आहे, हे मीच आजवर गावोगाव सांगत आलो. डोक्यावर गवताचा भारा घेऊन मी धंदा सुरू केला आणि आज हमरस्त्याला माझी स्वतःची गवताची वखार आहे. तबेलेवाले माझ्याशी भाव करायला बसण्याआधी पाणी मागून घेतात. माझा राग आधी येतो आणि त्याचं कारण मी नंतर सावकाश शोधतो, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. अशा मला एका निवृत्त स्टोअरकीपरने फसवलं. ज्याला भाजीवालीकडे जुडीवर दोन काड्या जास्त मागायची लाज वाटते, अशा माणसाने. तेही म्हसाच्या जत्रेत, बैलबाजारात, म्हणजे माझ्याच अंगणात. आणि वर मलाच विचारलं, "फसवलं म्हंजे नक्की काय केलं?"

नावांचं वेड लागलेला असा माणूस दुसरा सापडणार नाही. कुणाला पानाचं वेड असतं, कुणाला भजनाचं. आमचे व्याही लोकांच्या नावांवर जगतात. लग्नाला गेले की जेवणाच्या पंगतीत ते शेवटी असतात, कारण तोवर पत्रिकेतल्या शेवटच्या चिल्ल्यापिल्ल्यांपर्यंतची नावं वाचून व्हायची असतात. मतदार यादी आली की ती गादीवर पडून कादंबरीसारखी वाचतात आणि मधेच हसतात. एसटीत कंडक्टरने तिकीट द्यायच्या आत त्याचं नाव, ते कोणी ठेवलं आणि का ठेवलं हे त्यांना कळलेलं असतं. त्यांच्याकडे खाकी पुठ्ठ्याच्या जाड वह्या आहेत. एका नावाला एक पान. वर नाव, खाली अर्थ, ते कुठून आलं त्याची हकीकत, आणि तळाला पेन्सिलीने काढलेली एक वरखाली जाणारी रेघ. पहिल्यांदा ती रेघ बघितली तेव्हा मला वाटलं, घरात कुणीतरी तापाने आजारी आहे. नंतर कळलं की तो त्या नावाचा भाव. दर जूनमध्ये शाळा उघडली की व्याही फाटकाशी उभे राहून पहिलीतल्या पोरांची नावं विचारतात आणि घरी येऊन रेघा पुढे ओढतात. "यंदा दत्तू साफ बसला हो," असं ते मला फोनवर सांगतात, दत्तू नावाचा कुणी नातेवाईक अंथरुणाला खिळलेला असावा अशा आवाजात. "बबन तर उठतच नाय. ओवी मात्र चढलीय."

माझ्या लेकीला बघायला आले तेव्हा मी आठवडाभर तयारी केली होती. देण्याघेण्याच्या बोलण्यात कुठे अडायचं, कुठे उठून आत जायचं, कुठे बायकोने डोळ्यांना पदर लावायचा, सगळं ठरलेलं. व्याह्यांनी चहा घेतला आणि एकच प्रश्न केला, "मुलीचं नाव कोणी ठेवलं?" बायको म्हणाली, "हिच्या आत्यानं." "वा," व्याही म्हणाले, "आमाला पसंत. बाकी तुमी म्हणाल तसं." माझी सगळी शस्त्रं म्यानातच गंजली. सोयरीक चांगली झाली म्हणून घर आनंदात आणि मी मात्र दोन दिवस कुणाशी बोललो नाही. माझ्याशी घासाघीस न करता माझी मुलगी नेली, याहून मोठा अपमान मला तोवर कुणी केला नव्हता.

पुढे लेकीच्या लग्नाची नोंद करायला आम्ही दोघे एका कचेरीत गेलो. तिथल्या बाई कागद बघत होत्या. मी पाच मिनिटं थांबलो आणि मग माझ्या पद्धतीप्रमाणे टेबलावर हात आपटून विचारलं, की इथे माणसं बसली आहेत की दगड. बाईंनी आमचा कागद ढिगाच्या तळाशी घातला. मी बाहेर येऊन सगळ्या जगाच्या नावाने बोटं मोडत उभा राहिलो. तेवढ्यात व्याह्यांनी आत बाईंना त्यांच्या नावाचा अर्थ सांगितला. अर्ध्या तासाने ते शिक्का मारलेला कागद आणि बाईंच्या डब्यातला अर्धा लाडू घेऊन बाहेर आले. "भल्या बाई हायेत," म्हणाले. "नाव कोकणातलं, पण माहेर जुन्नरचं. कसं काय आलं असंल?" लाडू त्यांनी मला दिला. मी तो रागारागाने खाल्ला.

त्यांच्या सगळ्या वह्यांत एक नाव मात्र पहिल्या पानावर आहे, आणि ते आपल्याकडचं नाहीच. रॉबर्ट. आपल्याला हे नाव माहीत आहे ते हिंदी सिनेमामुळे. स्मगलरच्या मागे काळा चष्मा लावून उभा असतो आणि "रॉबर्ट, इसे ले जाओ" म्हटलं की पुढे येतो, तो. व्याह्यांचा रॉबर्ट वेगळा. ते मुरबाडच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळत, तिथे जर्मनीहून एक मशीन आलं आणि ते बसवायला एक उंच गोरा फिटर आला. दोन महिने होता. दोघांनाही एकमेकांची भाषा येत नव्हती, तरी व्याह्यांनी नट-बोल्ट देता देता त्याच्या नावाचा अर्थ विचारला. त्याला सांगता येईना. उलट तो खाणाखुणांनी आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाला, हे आता म्हाताऱ्यांचं नाव झालं. माझ्या वर्गात आम्ही चौघे होतो, आज आमच्या गल्लीत एका पोराचं नाही. व्याह्यांना हे फार लागलं. चांगलं चालतं घर ओसाड पडलेलं बघावं तसं. मग त्यांनी वाचनालयं पालथी घातली, माझ्या जावयाच्या, म्हणजे त्यांच्या मुलाच्या, मोबाइलवर रात्रंदिवस शोधलं, आणि ती हकीकत ते आता कुणालाही, कुठेही, उभ्या उभ्या सांगतात. मी ती इतक्यांदा ऐकली आहे की माझ्या वखारीतल्या हमालांनाही पाठ आहे.

ती अशी. फार जुन्या काळी जर्मन टोळ्या दोन शब्द जोडून पोरांची नावं ठेवीत. त्यातले दोन जोडून हे नाव झालं. त्या दोन शब्दांचे अर्थ आले की माझं लक्ष नेमकं वजनकाट्याकडे जातं. राजांनी घेतलं, सरदारांनी घेतलं. हजारेक वर्षांपूर्वी फ्रान्सच्या किनाऱ्यावरचे नॉर्मन लोक समुद्र ओलांडून इंग्लंड जिंकायला गेले, ते हे नाव गलबतात घालून घेऊन गेले. तिथे ते राजवाड्यातून उतरून शेतकऱ्याच्या, लोहाराच्या घरी गेलं. लाडाने रॉब झालं, बॉब झालं. तिथून अमेरिकेत गेलं आणि आपल्या आजोबांच्या काळात तिकडे अशी गत की हाक मारली तर अर्धी गल्ली वळून बघेल. आणि मग लोकांना कंटाळा आला. "एवढी वरची रेघ," व्याही बोट वर नेतात, "आणि मंग ही अशी." बोट खाली येतं आणि त्याबरोबर त्यांचा चेहराही. मी एकदा म्हणालो, "व्याही, गवताचं पण असंच असतं." तर त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "बघा! तुमालाच कळलं! भाव पडलेला असतानाच माल धरायचा असतो ना?" मी म्हणालो, "अर्थात." धंद्यातली अक्कल फुकट वाटण्याची खोड मला पहिल्यापासून आहे.

लेकीला मुलगा झाला तो पौषात, म्हसाच्या जत्रेच्या तोंडावर. बारसं आमच्याकडे व्हायचं होतं. पण नाव ठरवायचा मान मुलाकडच्यांचा. मला मात्र त्या पोराला माझ्या बापाचं नाव द्यायचं होतं. महादेव. लोक महादू म्हणत. तो जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. लेकीच्या लग्नाआधी काही महिने गेला. हे नाव मला किती हवं होतं ते मी कुणालाच सांगितलं नाही, बायकोलाही नाही. हवी असलेली वस्तू हवी आहे असं दाखवायचं नाही, हे मी बैलबाजारात शिकलो. जो बैल घ्यायचा त्याच्याकडे बघायचंच नाही. शेजारच्या बैलाचे दात बघायचे, त्याची शेपटी उचलायची, त्याचा भाव पाडायचा, आणि उठता उठता सहज म्हणायचं, "आणि हा कसा दिला?"

जत्रेत व्याही भेटले. आम्ही एका खिल्लारी जोडीसमोर उभे होतो. व्याही म्हणाले, "मी ठरवलंय, व्याही. रॉबर्ट."

मी चेहरा हलू दिला नाही. मनात म्हटलं, शाबास! म्हातारा शिकला. अशक्य भाव सांगून सुरुवात करायची म्हणजे मधे कुठेतरी येता येतं. मी शांतपणे माझा माल मांडला. "प्रताप आहे. विक्रांत आहे. महादेव आहे. शौर्य आहे." महादेव मी तिसरा ठेवला आणि बैलाच्या शिंगांकडे बघत म्हणालो.

व्याह्यांनी खिशातून छोटी वही काढली. "महादेव? हे तर पार बसलेलं नाव. तुमाला हवंय का?"

"छे," मी म्हणालो. "असंच आपलं."

"मंग सोडू?"

"सोडा."

आणि मी चालू लागलो. दहा पावलं गेलं की मागून हाक येते, हा बाजाराचा कायदा आहे. मी दहा पावलं गेलो. वीस गेलो. घोंगड्यांच्या दुकानापर्यंत गेलो, एका घोंगडीचा विनाकारण भाव पाडला. हाक नाही. वळून बघितलं तर व्याही बैलवाल्याला विचारत होते, "या डाव्याचं नाव काय? आणि कोणी ठेवलं?"

मी तणतणत परत आलो. "ते रॉबर्ट आधी काढा. मग बोलू."

"काढला," व्याही म्हणाले.

"म्हणजे?"

"तुमाला नको तं काढला. कीर्तिप्रकाश ठेवू?"

माझ्या डोक्यात तेव्हा एकच गोष्ट होती: रॉबर्ट गेला. समोरचा खाली आलेला असताना सौदा लांबवायचा नसतो, हा दुसरा कायदा. मी त्यांच्या हातावर हात मारला. "झालं! फिरायचं नाही." बायकोला एक घोंगडी घेतली, वखारीत सगळ्यांना गुळाची जिलबी वाटली आणि आठ दिवस येईल त्याला सांगितलं की मी जर्मनीच्या माणसाला म्हसावरून परत पाठवला.

बारशाला आत्याने पोराच्या कानात नाव सांगितलं. बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. मी पेढा तोंडात टाकला, आणि तेवढ्यात मागे व्याही कुणा पाहुण्याला वही दाखवून सांगत होते, "हे दोन शब्द बघा. पैल्याचा अर्थ कीर्ती. दुसऱ्याचा अर्थ प्रकाश, तेज. झाला रॉबर्ट! भाव पार पडला हुता, पण धरला."

पेढा मी न चावताच गिळला. "व्याही!" मी ओरडलो. पाळण्यातलं पोर रडायला लागलं. "फसवलंत!"

"कोणाला?"

"मला! मी हा रॉबर्ट घालवला होता!"

"अवो, तुमाला ते नाव नको हुतं, अर्थ कुठं नको हुता?" व्याही खरोखरच बावरले होते. "अर्थावर काय कोणाच्या बापाचं नाव हाय का?"

"बापाचंच होतं!" मी म्हणालो. "माझ्या बापाचं. महादेव."

बायको माझ्याकडे बघत राहिली. लेक म्हणाली, "बाबा, तुमी आमाला तरी सांगायचंत." व्याह्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मी इचारलं हुतं," ते हळूच म्हणाले. "तुमी असंच आपलं म्हणालात. एकदा हो बोलला असतात, तं मी जत्रेतनंच आत्याला फोन केला असता."

व्याह्यांनी मला पडवीत नेलं, खाटेवर बसवलं आणि वहीचं कोरं पान उघडलं. वर लिहिलं: महादू. "सांगा," म्हणाले. "कोणी ठेवलं?"

मला माहीत नव्हतं.

"आईनं? आत्यानं? नवसाचं हुतं का?"

मला माहीत नव्हतं. माझा बाप चाळीस वर्षं माझ्यासमोर ताटाला बसला. मी त्याच्याशी गवताचा भाव बोललो, पावसाचं बोललो, भांडलो तर रोज. हे नाव तुला कुणी दिलं, असं एकदाही विचारलं नाही. आता ज्याला माहीत असेल असं कुणी उरलं नाही. जर्मन टोळ्यांनी रॉबर्ट कसा जोडला ते माझ्या हमालांना पाठ आहे आणि महादूचं पान दोन वर्षं झाली, अजून कोरं आहे. व्याही आले की ते उघडतात, माझ्याकडे बघतात आणि मिटतात.

तेव्हा माझं व्याह्यांना जाहीर विचारणं आहे. तुमचं घर मुरबाडच्या रस्त्याला. माझा बाप गवताची बैलगाडी घेऊन वर्षानुवर्षं दर बाजाराला त्याच रस्त्याने तुमच्या दारावरून गेला. तुमच्या विहिरीवर त्याने बैलांना पाणी पाजलं, हे तुम्हीच मला सांगितलंत. मी त्याचा मुलगा, मला सुचलं नाही, माझं सोडा. पण तुम्ही ओट्यावर बसलेले होतात, तुमच्याजवळ वही होती. एवढं एकदा थांबवून विचारायला तुमचं काय जात होतं? जबाब द्या.