आमच्या शेडमधली चौकशी

कॉलेजची पोरं वर्षभरासाठी कामाला येतात तेव्हा पहिल्या दिवशी काय विचारतात, हे मला पाठ झालं होतं. सुट्टी कोणत्या वारी, सर्टिफिकेटवर शिक्का कुणाचा, आणि वायफायचा पासवर्ड काय. ही पोरगी आली, पाठीवरची सॅक भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली, विक्रीला तयार असलेल्या मशीनभोवती एक फेरी मारली आणि मला म्हणाली, "सर, हे चालवणार कोण?"

"कोण म्हणजे? जो घेईल तो."

"घेणारा न्हाई विचारला. चालवणारा विचारला."

मी तेव्हा फोनवर पत्र्याच्या व्यापाऱ्याशी भांडत होतो. तिला हातानंच गप्प केलं. ती गप्प बसली, पण प्रश्न तिथंच बसून राहिला. पुढं वर्षभर तो आमच्या शेडमध्ये माझ्यापेक्षा जास्त वेळ हजर होता.

धाराशिवच्या एमआयडीसीत आम्ही खवा काढायची मशीनं बनवतो. मोठी गोल कढई, खाली शेगडी, वर मोटारीवर फिरणारं खुरपं. दूध आटून खवा झाला की एक दांडा ओढायचा, कढई कलती होते आणि खवा ताटात उतरतो. भूम-वाशीकडं घरोघरी खव्याच्या भट्ट्या आहेत, तिकडं आमचा माल जातो. मी आणि माझी बायको, आम्ही सुरुवात अशाच एका भट्टीवर केली. मी गावोगाव फिरून दूध गोळा करायचो, ती चुलीपुढं बसून खवा घोटायची. तिथून स्वतःच्या कारखान्यापर्यंत मी एकट्याच्या जोरावर आलो, कुणी हात दिला नाही, हे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतो. हिलाही चहा पिता पिता ऐकवलं. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "काकूंनीबी न्हाई?"

मी चहा अर्धा टाकून उठलो.

फिटर लोकांनी आठवड्याच्या आत तिचं नाव चौकशी ठेवलं. एसटी स्टँडवर चौकशीची खिडकी असते ना, त्यावरून. तिथं लोक विचारतात आणि आतला माणूस पेंगत उत्तर देतो. आमच्याकडं खिडकीच लोकांना विचारत सुटली होती. "चौकशी आली का रे?" "आली, तेरची गाडी वेळेवर हाय आज." ती तेरहून रोज एसटीनं यायची. नावाचा तिला राग नव्हता. उलट एकदा फोनवर तिनंच सांगितलं, "व्हय, चौकशी बोलतेय." पलीकडच्या गिऱ्हाइकानं बिचाऱ्यानं विचारलं, भूमची गाडी किती वाजता लागते.

आमची काही मशीनं गिऱ्हाइकांकडं पोत्याखाली झाकून पडली होती. मला वाटायचं, मोटार दमते. मी मोटारवाल्याला शिव्या घालायचो, भाव पाडून घ्यायचो, मोटारी बदलायचो. ती फिटरच्या मोटारसायकलवर बसून गावोगाव हिंडून आली आणि मला म्हणाली, "मोटार चांगली हाय, सर. दांडा वर हाय."

"वर म्हणजे?"

"आपल्या फिटरच्या उंचीनं बसवलाय. भट्टीवर बाया असतात. त्यांचा हात पोचत न्हाई. कुणी विटा रचल्यात, कुणी दुधाचं कॅरेट पालथं घातलंय. गरम कढईपुढं टाचा उचलून उभं राहायचं म्हणजे भीती वाटते, म्हणून मग त्या उलथण्यानं खवा काढतात. तेवढं तर चुलीवरबी होतंच की. मशीन झाकून ठिवलं."

मला राग आला तो या गोष्टीचा, की इतकी वर्षं मी त्या घरांत जात होतो, ओसरीवर बसून पुरुषांशी भाव करत होतो, पेढा खाऊन येत होतो. आत भट्टीजवळच्या विटा मला दिसल्या नाहीत. ही कालची पोरगी एका फेरीत बघून आली. माणसाला थक्क व्हायचं तर मोठ्या गोष्टीनं व्हावं. मी विटांनी झालो.

त्यानंतर तिनं शेडच्या मधल्या लोखंडी खांबाचा ताबा घेतला. मशीन घ्यायला कुणी आलं की घरातल्या बाईला सोबत आणायला सांगायची. बाई आली की तिला खांबाला टेकवून उभी करायची, कोपर जिथं येईल तिथं ऑईलपेंटनं रेघ मारायची आणि रेघेपुढं नाव, गाव. बाया आधी लाजायच्या. "अगं बाय, लग्नातबी मला कुणी असं मोजलं न्हाई," असं पाथरूडची एक म्हातारी म्हणाली आणि शेडभर हशा झाला. मग बाईनं स्वतः मशीन चालवायचं, दूध घालण्यापासून कढई कलती करण्यापर्यंत. त्या दिवशी शेडमध्ये ग्रीसच्या वासात ताज्या खव्याचा वास मिसळायचा आणि माझे फिटर कामं टाकून साखर शोधत फिरायचे. मी ओरडायचो, आणि माझ्याही हातावर कुणीतरी खव्याचा गोळा ठेवून जायचं.

मी तिला म्हणालो, "सगळ्यांची सरासरी काढ अन् एका उंचीवर दांडा बसव. इंजिनियर हायेस ना?"

"सरासरी उंचीची बाई मला अजून भेटली न्हाई, काका." सरचा काका कधी झाला ते मला कळलं नाही. "सगळ्यात खालच्या रेघेला बसवू. उंच बाई वाकंल. बुटकी बाई वाढणार कशी?"

मी सौदा करून पोट भरणारा माणूस. समोरच्याच्या प्रत्येक वाक्यात मला फट दिसते. तिच्या वाक्यात फट नसायची. मनातल्या मनात मी त्याच दिवशी ठरवलं, की वर्ष संपल्यावर ही पोरगी इथून जाता कामा नये. जे मला हवं असतं ते मी आणल्याशिवाय राहिलेलो नाही. आता मला ही हवी होती.

पण त्याआधी मीच तिला हाकलून दिली. झालं असं की सोलापूरचा एक मोठा डीलर आला. अख्खी शेड महिनोनमहिने गुंतून राहील एवढी मशीनं त्याला हवी होती. सौदा मी जवळजवळ मुठीत आणला होता. तो हात पुढं करणार एवढ्यात ही ट्रेमध्ये चहा घेऊन आलेल्या पोराच्या मागून आली आणि म्हणाली, "साहेब, ही चालवणार कोण?"

डीलर हसला. "मॅडम, कुणीबी चालवू द्या. गोडाऊनमधून माल उचलला की माझं काम संपलं."

"मग परत आला तर कुणाकडं येईल?"

डीलरनं माझ्याकडं पाहिलं. "मालक तुम्ही का ह्या?" त्यानं कप खाली ठेवला तो पुन्हा उचलला नाही. गाडी गेटबाहेर गेल्यावर मी असा भडकलो, की शेजारच्या शेडमधली माणसं बघायला आली. "उद्यापासून यायचं न्हाई! कॉलेजला कळवून टाक!" तिनं खिळ्यावरून सॅक काढली आणि निघून गेली.

घरी येऊनही माझं तोंड चालूच होतं. बायको भाकरी थापत होती. तिनं सगळं ऐकलं आणि एवढंच विचारलं, "दांडा लई वर हाय का ओ, खरंच?"

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकशी नेहमीच्या गाडीनं आली, सॅक खिळ्याला अडकवली आणि कोरा कागद घेऊन माझ्यापुढं उभी राहिली. "कॉलेजला कळवायचंय. कारण काय लिहू?"

मी तोंड उघडलं. 'जास्त विचारते' असं कारण कॉलेजला कसं लिहायचं? 'खरं विचारते' हे तर त्याहून अवघड. ती पेनाचं टोपण काढून थांबली होती, घाई नव्हती तिला. तेवढ्यात गेटवर रिक्षा थांबली आणि बायको उतरली. कारखाना निघाल्यापासून ती दसऱ्याच्या पूजेलाच काय ती यायची. आज पदर खोचून सरळ मशीनपाशी गेली. दांड्याला हात घातला. टाचा उचलल्या. मग माझ्याकडं वळून न बघताच म्हणाली, "मशीन निघायच्या आदीची बाई हाय मी. ये ग पोरी, माझी खूण कर."

तिची रेघ सगळ्यात खाली आली. तिच्याखाली अजून कुणाची रेघ गेलेली नाही, आणि आजही आमच्या प्रत्येक मशीनचा दांडा त्याच रेघेला बसतो.

कागद कोराच राहिला. तो डीलर मात्र आजवर फिरकला नाही, आणि त्याचा राग मी अजून सोडलेला नाही. एवढी मोठी ऑर्डर हातची गेली ती गेलीच. पोत्याखालची मशीनं आम्ही परत आणून दांडे खाली घेऊन दिले. भूमच्या बाजाराच्या दिवशी बायका एकमेकींना सांगू लागल्या, खांबावर नाव लिहितात ते मशीन घे. ऑर्डरी एकेक करून येऊ लागल्या, प्रत्येकीसोबत एक बाई आणि एक रेघ.

वर्ष संपत आलं. सौद्यात मी कधी आधी बोलत नाही. समोरच्याला बोलू देतो, त्याची गरज बाहेर पडली की मग मी तोंड उघडतो. त्या दिवशी तिला समोर बसवलं आणि मीच आधी बोललो. स्वतंत्र केबिन देतो म्हणालो. येण्याजाण्याला गाडी. मशीनवर तिच्या नावाची पट्टी. माझ्यानंतर शेड बघायला दुसरं कुणी नाही, हेही बोलून गेलो. हे मी बायकोलासुद्धा कधी बोललो नव्हतो.

ती हळूच म्हणाली, "काका, इथं आता मला प्रश्न पडत न्हाईत."

"मग मी पाडतो की! रोज एक पाडतो!"

ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. कोल्हापूरकडं एक छोटी कंपनी ऊस तोडायचं यंत्र करतेय, तिथं जायचं तिनं ठरवलं होतं. मी म्हणालो, त्यांच्यात असं काय आहे जे माझ्यात नाही? ती म्हणाली, "त्यांनी फडात जाऊन बायांचे हात बघितलेच न्हाईत अजून."

मी रुसलो. खोटं कशाला सांगू, निरोपाच्या दिवशी फिटरांनी आणलेला केक मी खाल्ला नाही. बायकोनं तिची ओटी भरली. मी खांबाकडं बोट दाखवून म्हणालो, "जातेस तर जा, पण तुझी रेघ मारून जा."

"मी कुठं खवा काढते, काका?"

आणि गेली. भूम, वाशी, कळंब, कुठल्या कुठल्या गावच्या बायांची नावं त्या खांबावर आहेत. शेड रंगवली तेव्हा रंगाऱ्याला मी त्या खांबाला ब्रश लावू दिला नाही. तिचं नाव त्यावर नाही, आणि ज्यांना माहीत नाही त्यांना हे सगळं मीच केलं असं वाटतं. दिवाळीला तिचा फोन येतो. मी दोन वाक्यं बोलतो आणि बायकोकडं देतो. मग त्या दोघी तासभर बोलतात आणि मी शेजारी बसून पेपर वाचत असल्याचं दाखवतो.

परवा लातूरचं एक गिऱ्हाईक आलं. घासाघीस करणारं, माझ्या तोडीचं. असा माणूस भेटला की मला भूक लागते. तासभर आम्ही एकमेकांना खाली ओढलं, शेवटी तो थकला, हात पुढं केला. माझाही हात निघाला होता. आणि माझ्याच तोंडून आलं, "थांबा. हे चालवणार कोण?"

शेडमधलं ग्राइंडर थांबलं. सगळ्या फिटरांनी माना वळवून दाराकडं पाहिलं, खिळ्याकडं पाहिलं.

"दाराकडं काय बघताय?" मी ओरडलो. "मीच बोललोय!"